कब पॅकला असिस्टंट म्हणून नाव दिलंय, पूर्ण युनिफॉर्म शिवायचा का आणि सामान काय काय घ्यायचं?

वारजेचा_बाबा

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा तिसरीत आहे, आमच्या भागातल्या एका ओपन ग्रुपमधे कब (म्हणजे लहान स्काऊट) म्हणून जातो. शाळेचं युनिट नाहीये, काही पालक आणि जुने स्काऊट मिळून चालवतात, दर रविवारी सकाळी मैदानावर भरतं. आता तिथल्या कबमास्टर मॅडमनी मला विचारलंय की असिस्टंट म्हणून याल का, मुलं वाढलीयेत आणि मोठी माणसं कमी पडतायत. मी हो म्हटलंय आणि मनापासून म्हटलंय, कारण पोरगं तिथे जे शिकतंय ते घरी दिसतं, ताट स्वतः उचलतो, बॅग स्वतः भरतो, आणि दिवसभर लहान बहिणीच्या हाताला स्कार्फ बांधून झोळी करायचा सराव चालू असतो.

पण मी स्वतः शाळेत कधी स्काऊटला नव्हतो, आमच्याकडे फक्त आरएसपी (रस्ता सुरक्षा पथक) होतं, त्यामुळे मला यातलं काहीच माहीत नाही. मॅडम सांगतात पण त्यांना रविवारी बोलायला पाच मिनिटं पण मिळत नाहीत म्हणून इथे विचारतोय.

युनिफॉर्म पूर्ण शिवायलाच लागतो का? काही पालक नुसता ग्रुपचा टीशर्ट आणि गळ्यात स्कार्फ घालून येतात, ते चालतं का? वय चाळीसच्या पुढे आहे, हाफ पँट घालावी लागेल का हा पण प्रश्न आहे. घरातलं मत असं पडलं की आधी वर्षभर जा, मग शिव. मला वाटतं मुलांना युनिफॉर्म नीट घाला म्हणून सांगायचं आणि आपण जीन्समधे उभं राहायचं हे बरं दिसत नाही.

दुसरं, असिस्टंटचं नक्की काम काय, ट्रेनिंग कधी करायचं? आणि तिसरं सामान. डेकॅथलॉनमधे जाऊन ट्रॉली भरायची माझी तयारी आहे पण नक्की काय लागतं ते कळल्याशिवाय जायचं नाही असं ठरवलंय. पावसाळ्यानंतर सिंहगडाखालच्या डोणज्याच्या बाजूला दोन दिवसांचा कॅम्प आहे, तेव्हा मी असणार आहे.

---

जुना_स्काऊटर

वारजेकर, तुमचं एक वाक्य मला फार आवडलं, मुलांना सांगायचं आणि आपण जीन्समधे उभं राहायचं हे बरं दिसत नाही. तिथेच तुमचं उत्तर आहे. युनिफॉर्म शिवा, पूर्ण शिवा. माझी सगळी नोकरी शाळेत गेली आणि स्काऊटचं पथक त्या सगळ्या काळात चालवलं, आणि मी बघितलंय की सरांच्या टोपीचा बॅज वाकडा असेल तर पुढच्या आठवड्यात अर्ध्या मुलांचा वाकडा असतो. मुलं ऐकत नाहीत, बघतात.

आता काय शिवायचं ते सांगतो. भारत स्काऊट्स आणि गाइड्सचा स्काऊटरचा, म्हणजे मोठ्या लीडरचा, शर्ट स्टील ग्रे रंगाचा, खाकी नाही, खाकी फार जुनी गोष्ट झाली, तरी अजून दुकानदार खाकी काढून दाखवतात तर घेऊ नका. शर्टाला दोन पॅच पॉकेट फ्लॅपसकट आणि खांद्यावर पट्ट्या हव्यातच. रेडिमेड घेतला तर बहुतेक वेळा खांद्याच्या पट्ट्या नसतात नाहीतर खिसे साधे असतात, म्हणून टेरीकॉटचं कापड घेऊन शिंप्याकडून शिवून घेतलेलं बरं, एखाद्या मुलाचा बरोबर शिवलेला शर्ट नमुना म्हणून घेऊन जा म्हणजे शिंप्याशी वाद होत नाही. खाली नेव्ही ब्लू पँट. हाफ पँटची काळजी करू नका, मोठ्यांनी फुल पँट घातलेली चालते आणि बहुतेक सगळे तेच घालतात. काळे मोजे, काळे बूट, स्काऊटचं बक्कल असलेला पट्टा, गडद निळी बेरेट.

बेरेटबद्दल थोडं जास्त लिहितो कारण यात लोक फार गोंधळ घालतात. नवी बेरेट कडक असते, डोक्यावर तव्यासारखी बसते. ती कोमट पाण्यात भिजवायची, हलक्या हाताने पिळायची आणि ओलीच डोक्यावर घालून आरशासमोर उभं राहायचं. कडा भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, सरळ रेषेत. बॅजची जागा डाव्या डोळ्याच्या वर आणि उरलेलं कापड उजव्या बाजूला कानाकडे ओढून खाली दाबायचं. तशीच अर्धा तास डोक्यावर ठेवायची, मग काढून सावलीत वाळवायची. एकदा आकार बसला की वर्षानुवर्षं टिकतो.

आणि एक महत्त्वाचं. शर्ट शिवून ठेवा पण मेंबरशिप बॅज लावू नका अजून. तो दीक्षा झाल्यावर लावतात. मोठ्या माणसाची पण दीक्षा होते, मुलांसारखंच वचन घ्यायचं असतं, तीन बोटं वर करून. मेंबरशिप बॅज म्हणजे हिरव्या कापडावर पिवळं चिन्ह, मधे अशोकचक्र, तो स्काऊटच्या डाव्या खिशाच्या मधोमध. उजव्या खिशावर जागतिक स्काऊटचा जांभळा बॅज. हे बॅज बाजारातले घेऊ नका, रंग आणि माप दोन्ही चुकीचं असतं, जिल्हा कार्यालयातून नाहीतर स्काऊट शॉपमधून घ्या.

---

रोव्हर_हडपसर

काकांशी बऱ्यापैकी सहमत पण एक गोष्ट मला वेगळी वाटते. पूर्ण युनिफॉर्म शिवाच, त्याबद्दल वाद नाही, पण दर रविवारी प्रत्येक गोष्टीसाठी तोच घालून बसायची गरज नाही असं मला वाटतं. आमच्या क्रूमधे (मोठ्या मुलांच्या रोव्हर गटात) झेंडा, दीक्षा, रॅली, कुणी पाहुणे येणार असतील, प्रवास असेल तर पूर्ण युनिफॉर्म, आणि चिखलातले खेळ, बांबूचं काम, स्वयंपाक, ट्रेक असेल तर ग्रुपचा टीशर्ट आणि स्कार्फ. पण नियम सगळ्यांना सारखा, म्हणजे मुलं टीशर्टमधे असतील तर लीडर पण टीशर्टमधे आणि मुलं युनिफॉर्ममधे तर लीडर पण. मुलं कडक उन्हात बेरेट घालून उभी आणि सर गोल हॅट घालून सावलीत असं जिथे चालतं तिथे मुलांचा विश्वास उडतो, मी लहान असताना ते अनुभवलंय.

स्कार्फ मात्र कधीच सोडायचा नाही. आणि स्कार्फ घेताना मापाचा घ्या, त्याच्या दोन बाजू ७० ते ८० सेंटिमीटरच्या हव्यात. काही ठिकाणी कापड वाचवायला एवढुसा रुमाल शिवतात, तो गुंडाळला की गळ्यात नीट बसत पण नाही आणि प्रथमोपचाराला तर काहीच उपयोगाचा नाही. वॉगल, म्हणजे स्कार्फ गळ्याशी अडकवायचं कडं, ग्रुपचं जे असेल ते, दोरीचं स्वतः विणलेलं असेल तर उत्तम. फक्त गिलवेलचं चामड्याचं वॉगल ऑनलाइन सुंदर दिसतं म्हणून मागवू नका, ते ट्रेनिंग केलेल्यांचं असतं.

---

बुलबुल_ताई_औंध

मी फ्लॉक लीडर आहे, म्हणजे लहान मुलींच्या बुलबुलची. दादा तुम्ही पुरुष आहात म्हणून तुमचा प्रश्न शर्ट पँटवर मिटला पण इथे वाचणाऱ्या आयांसाठी लिहिते कारण कब आणि बुलबुलला येणाऱ्या जास्त करून बायकाच आहेत आणि त्यांना हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे साडी आणि सलवार कमीज दोन्हीला परवानगी आहे. रॅलीला, झेंड्याला साडी छान दिसते, पण कॅम्पला सलवार कमीजच घ्या. रात्री दोन वाजता एखादी मुलगी रडत उठते आणि तिला घेऊन अंधारात बाथरूमपर्यंत जायचं असतं, पाऊस असतो, साडी सांभाळू का टॉर्च सांभाळू का मुलगी. कमीजला खिसे शिवून घ्या, दोन्ही बाजूंना, खोल. शिंपी म्हणतो लेडीजना कशाला खिसे, त्याला ठामपणे सांगा की हवेत, कारण शिट्टी, सेफ्टी पिना, फोन, मुलींचे रबरबँड, सगळं अंगावरच लागतं. आणि कापड घ्यायच्या आधी आपल्या जिल्ह्यात मान्य असलेल्या शेडचा तुकडा सोबत न्या, दुकानात ट्यूबलाइटखाली सगळे निळे सारखेच दिसतात.

पुण्यातल्या लोकांना अजून एक सांगावंसं वाटतं, आळंदी रोडवरचं संगम बघून या. गर्ल गाइड्सच्या जागतिक संघटनेची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत त्यातलं हे आपल्या पुण्यात आहे, १९६६ पासून. इथल्या कित्येक लोकांना माहीतच नाही. आधी फोन करून परवानगी घेऊन मुलींना घेऊन जा. आमच्या मुली गेल्या तेव्हा तिथे बाहेरच्या देशांतून आलेल्या गाइडर होत्या, प्रत्येकीचा युनिफॉर्म वेगळा, कुणाचा शर्ट, कुणाचा नुसता टीशर्ट आणि स्कार्फ, पण तीन पाकळ्यांचं चिन्ह सगळ्यांकडे. आमची एक सात वर्षांची चिमुरडी सरळ एका परदेशी ताईकडे गेली आणि डावा हात पुढे केला, तिने पण डावा हात दिला, भाषा एकीची एकीला येत नव्हती. त्या दिवसापासून आमच्याकडे स्कार्फ विसरला असं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

रोलबद्दल. असिस्टंट म्हणजे मॅडमच्या मागे उभं राहून हजेरी घेणारा माणूस असं समजू नका. कब पॅकमधे मुलं सिक्समधे, म्हणजे छोट्या गटांत, वाटलेली असतात, आणि कबमास्टरला मुलं अकेला म्हणतात. सहाय्यकांना बऱ्याच ठिकाणी बघीरा, बल्लू अशी नावं असतात, तुम्हाला पण मिळेल. अकेला पूर्ण पॅककडे बघतात, तुम्ही एखाद्या सिक्सकडे, एखाद्या मागे पडलेल्या मुलाकडे बघायचं. गाठी शिकवायचं काम मागून घ्या, ते नवीन माणसाला लवकर जमतं. रीफ नॉट शिकवताना दोन वेगळ्या रंगांच्या दोऱ्या घ्या, एक लाल एक पांढरी, म्हणजे उजवी डावीवर, मग डावी उजवीवर हे मुलांना डोळ्याने दिसतं. एकाच रंगाच्या दोरीने शिकवलं की निम्मी मुलं आजीगाठ मारून येतात, ती ओढली की सरकते.

आणि स्वतःच्या मुलाला स्वतःच्या सिक्समधे ठेवू नका. मॅडमना आधीच सांगा. त्याला तिथे बाबा नकोत, बल्लू हवा.

---

सह्याद्री_भटक्या

सामानाचं मी सांगतो. वारजेकर, ट्रॉली भरू नका हो. निम्मं सामान ग्रुपकडे असतं आणि नसेल तर ग्रुपच्या पैशाने घ्यायचं, तंबू, ताडपत्री, पातेली, दोर, फावडं हे लीडरने स्वतःच्या खिशातून आणायला लागला की उद्या ज्याची परिस्थिती नाही तो लीडर व्हायला येणारच नाही. तुमचं स्वतःचं असं मोजकंच लागतं पण ते चांगलं घ्या.

पहिली शिट्टी. आत गोळी नसलेली घ्या, पावसात गोळीवाली शिट्टी वाजत नाही. दुसरं हेडलॅम्प, हातातला टॉर्च नको, कारण लीडरचे दोन्ही हात मोकळे पाहिजेत. तिसरं पाठीवरची साधी सॅक, पाणी दोन लिटर, रेनकोट ऐवजी पाँचो जो सॅकच्या वरून येतो. एक छोटी वही, तिच्यात प्रत्येक मुलाचं नाव, आईबाबांचे दोन्ही नंबर, कुठल्या औषधाची किंवा खाण्याची ॲलर्जी, दम्याचा पंप आहे का, अंथरूण ओलं करतो का (हे आईबाबांना हळू विचारून घ्या आणि कुणाला कळू देऊ नका). ही वही प्लास्टिकच्या पिशवीत. फोनमधे पण ठेवा पण डोणज्याच्या पुढे आत गेलं की नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून कागद हवाच.

बूट. युनिफॉर्मचे काळे लेदरचे बूट झेंड्यापुरते, सिंहगडाच्या पायवाटेवर घालू नका, पावसाळ्यानंतर तिथल्या शेवाळलेल्या दगडावर लेदरचा सोल धरत नाही. ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट सह्याद्रीत वर्षानुवर्षं लोक वापरतायत, स्वस्त आहेत आणि आपल्या दगडाला धरतात, महागडे घ्यायची गरज नाही. मुलांना पण कॅम्पला बूट वेगळे आणायला सांगा, आणि नवीन बूट असतील तर आठवडाभर आधी घालून फिरा.

दोर ग्रुपसाठी घेणार असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत जा, तिथे वजनावर मिळतो. बांबू बुरूड आळीतून. गॅजेट (कॅम्पवर बांबूच्या बांधायच्या वस्तू) बांधायला नायलॉनचा दोर घेऊ नका, गाठ सरकते आणि बांबूवर पकड बसत नाही, सुती नाहीतर तागाचा घ्या. सुती दोर आणल्यावर एक रात्र पाण्यात टाकून वाळवायचा, तो आधीच आकसतो, नाहीतर कॅम्पला पहिल्या पावसात आकसून गाठ सुटता सुटत नाही. बांबूला बांधायची चौकोनी बांधणी म्हणजे स्क्वेअर लॅशिंग घरी करून बघा, उभ्या बांबूवर क्लोव्ह हिचची गाठ मारायची, मग दोन्ही बांबूंना घेऊन तीन घट्ट वेढे, मग बांबूंच्या मधून आडवे दोन तीन वेढे जोरात आवळायचे, खरी ताकद तिथे असते, आणि शेवट आडव्या बांबूवर परत क्लोव्ह हिच. कबची मुलं हे लगेच करणार नाहीत पण तुम्हाला आलं पाहिजे कारण भांडी ठेवायचा मांडव उभा करताना तुमच्याकडेच बघतील सगळे.

प्रथमोपचाराची पेटी. कापूस, गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक, ओआरएसची पाकिटं भरपूर, कात्री, चिमटा, थर्मामीटर, त्रिकोणी बँडेज वेगळं ठेवा. स्कार्फची झोळी मुलाच्या हाताला होते, मोठ्या माणसाच्या हाताला कमी पडते. गोळ्या पोटात द्यायच्या असतील तर फक्त आईबाबांनी लिहून दिलेल्याच द्या.

सापाचं लिहितो कारण आपल्या भागात घोणस आहे, फुरसं आहे, नाग, मण्यार पण आहे. चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, वर करकचून दोरी बांधायची नाही. मुलाला चालू द्यायचं नाही, तो पाय किंवा हात काठीला बांधून हलणार नाही असा करायचा, अंगठी, घड्याळ, बूट काढायचे, १०८ ला फोन आणि जिथे सापाचं इंजेक्शन आहे त्या दवाखान्यात. ते कुठे आहे हे कॅम्पला जायच्या आधी फोन करून विचारून ठेवायचं, त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं.

---

वारजेचा_बाबा

बापरे, एवढं सगळं एका दिवसात मिळालं, सगळ्यांचे खूप आभार. भटक्या दादा वहीची आयडिया आजच सुरू करतो. ताई, मुलाला माझ्या सिक्समधे न ठेवण्याचं मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या मीच सांगणार होते.

दोन शंका राहिल्या. ट्रेनिंगचं अजून नीट कळलं नाही, कुठलं आधी कुठलं नंतर, आणि नोकरीतून सुट्टी किती काढायची. आणि आमच्या सोसायटीतले अजून दोन पालक यायला तयार आहेत पण एकाचं म्हणणं आहे मला युनिफॉर्म वगैरे जमणार नाही, पण मदत करीन. अशा माणसाला काही जागा असते का? तो व्यवसायाने इलेक्ट्रिशियन आहे आणि पोरं त्याला फार आवडतात.

---

ग्रुप_कमिटी_बिबवेवाडी

जागा असते आणि हवीच असते, अशा माणसांवरच ओपन ग्रुप चालतात. मी आमच्या ग्रुपच्या कमिटीत आहे आणि मी पण युनिफॉर्म घालत नाही, हिशोब, जागेची परवानगी, कॅम्पची बस, पालकांशी बोलणं हे बघते. तुमच्या मित्राला सांगा की मुलांना प्रावीण्य बॅज मिळवायला त्या त्या विषयातल्या जाणकार माणसाने शिकवावं लागतं आणि तपासावं लागतं. फ्यूज कसा बदलायचा, शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि मग माणसाला हात लावायचा हे एका खऱ्या इलेक्ट्रिशियनने सांगितलेलं मुलं जन्मभर विसरत नाहीत. त्याला महिन्यातून एक रविवार द्या. कॅम्पला क्वार्टरमास्टर पण लागतो, शिधा, गॅस, भांडी, पाणी बघणारा, तो माणूस युनिफॉर्ममधे नसला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

पण एक गोष्ट युनिफॉर्म असो नसो सगळ्यांना सारखी लागू, आणि यावर मी अजिबात तडजोड करत नाही. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद जागेत एकटा नसणार. तंबूत मोठे वेगळे, मुलं वेगळी. मुली असतील तर रात्री बाई लीडर हजर पाहिजेच, नसेल तर मुक्काम रद्द, नुसता दिवसाचा कार्यक्रम करा. बाथरूमला मूल घेऊन जायचं तर दोन मोठे नाहीतर एक मोठा आणि दोन मुलं. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत. नवीन मदतनीस आला की आधी काही रविवार त्याला लीडरच्या नजरेसमोरच काम द्यायचं आणि त्याच्याबद्दल ओळखीच्यांकडे चौकशी करायची, मग तो तुमचा कितीही जवळचा मित्र असो. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही, मी दर वेळी हेच बघितलंय, उलट त्याला बरं वाटतं की आपली पोरं इथे सांभाळली जातायत. मुलांना १०९८ हा चाइल्डलाइनचा मदतीचा नंबर पाठ करून घ्या, कब असले तरी.

युनिफॉर्मच्या खर्चाचं पण बोलते. आमच्याकडे एक पेटी आहे, मुलं वाढली की लहान झालेले शर्ट, बेरेट, पट्टे धुवून इस्त्री करून त्यात येतात आणि नवीन मुलाला तिथून मिळतात, कुणाचं कुणाला मिळालं हे सांगत नाही. लीडरचे पण शर्ट येतात अधूनमधून. तुमच्या ग्रुपमधे नसेल तर तुम्हीच सुरू करा, शाळा सुरू व्हायच्या आधी मे महिन्यात. दिलेल्या शर्टावरचे जुने बॅज उसवून घ्यायला विसरू नका.

---

जुना_स्काऊटर

ट्रेनिंगचं मी सांगतो. पायरी पायरीने असतं. आधी ओळख करून देणारा छोटा कोर्स, मग बेसिक, मग ॲडव्हान्स, आणि त्यानंतर आपल्या पॅकवर प्रत्यक्ष काम करून हिमालय वूडबॅज. बेसिक आणि ॲडव्हान्स प्रत्येकी सात दिवसांचे, निवासी, तिथेच राहायचं, म्हणून तेवढी रजा साठवून ठेवा. कबचा कोर्स वेगळा असतो आणि स्काऊटचा वेगळा, फॉर्म भरताना कबचाच भरा. तारखा जिल्हा कार्यालयातून कळतात, जिल्हा संघटकांना जाऊन भेटा, फोनवर काम होत नाही.

वूडबॅज झाला की गळ्यात चामड्याच्या दोरीत दोन लाकडी मणी मिळतात आणि गिलवेलचा स्कार्फ, ज्याच्या मागच्या टोकाला मॅक्लारेन घराण्याच्या चौकड्याच्या कापडाचा तुकडा असतो. ज्यांनी लंडनजवळची गिलवेलची जागा विकत घेऊन दिली त्यांची ती आठवण. त्या जागेवर बेडन पॉवेल यांच्या योजनेतला पहिला कोर्स १९१९ च्या सप्टेंबरात झाला. तीन आणि चार मणीवाले दिसले तर ते ट्रेनर. मला माझे मणी मिळाले तेव्हा आमचे ट्रेनर म्हणाले होते की हे घालून मिरवायचं नाही, हे दिसलं की नवीन माणसाने तुमच्याकडे येऊन प्रश्न विचारला पाहिजे. म्हणून मी इथे उत्तरं लिहितो.

रोव्हर मित्रा, तुझं टीशर्टचं म्हणणं ट्रेकला मला मान्य आहे. मैदानावर नाही. रविवारचा झेंडा पूर्ण युनिफॉर्ममधेच चढला पाहिजे, चिखलाचा खेळ असेल तर त्यानंतर बदला.

---

रोव्हर_हडपसर

मान्य काका. आमच्याकडे झेंडा झाला की शर्ट बदलायला पाच मिनिटं देतो, चालेल ना?

---

जुना_स्काऊटर

चालेल. शर्ट घडी करून ठेवायला लावा, गोळा करून पिशवीत कोंबू देऊ नका.

---

वारजेचा_बाबा

शनिवारी लक्ष्मी रोडला कापड बघायला जातोय, मुलाचा शर्ट नमुना म्हणून बरोबर घेतोय. संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या स्काऊट ग्राउंडवर जाऊन बेसिकची तारीख विचारतो. एकच विचारायचं राहिलं, बेसिकला जाताना युनिफॉर्म एक पुरतो का?

---

बुलबुल_ताई_औंध

नाही, दोन शर्ट शिवा. सात दिवस रोज सकाळी तपासणी असते, बुटाच्या पॉलिशपासून नखांपर्यंत सगळं बघतात, आणि पावसात शर्ट एका रात्रीत वाळत नाही. दोन शर्ट, दोन पँट, मोज्यांचे चार जोड, एक स्कार्फ जास्तीचा, पॉलिशची डबी आणि ब्रश, सुईदोरा, ताट वाटी पेला स्वतःचं, सतरंजी आणि पांघरूण. वही जाड घ्या, लॉगबुक लिहायचं असतं आणि ते रोज रात्री तपासतात.